पक्का रस्ता सोडण्याआधी: वाळवंटात एकट्याने घ्यायच्या आडवाटेविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही नागपूरहून एकटेच स्वतःच्या गाडीने जैसलमेरला निघणार आहात, तिथून रामगढमार्गे लोंगेवाला आणि तनोट पाहणार आहात. परतताना डांबरी रस्ता सोडून, मोबाइलच्या नकाशात धोऱ्यांमधून, म्हणजे वाऱ्याने रचलेल्या रेतीच्या टेकड्यांमधून, पूर्वेकडे जाणारी आणि पुढे पुन्हा मुख्य रस्त्याला मिळणारी जी २६ किलोमीटरची बारीक रेघ दिसते, तिने यावे असा तुमचा विचार आहे. गाडी दोन वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी, दिसायला दणकट पण जोर फक्त पुढच्या दोन चाकांना देणारी आहे. ही वाट घ्यावी का, घ्यायची तर तयारी काय करावी, आणि गाडी फसलीच तर किती तास थांबून पायी निघावे, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: एकट्याने आणि या गाडीने ती वाट घेऊ नका. नागपूरजवळच्या वाडी गावात माझे गॅरेज आहे, आणि गेली अठरा वर्षे दर हिवाळ्यात मी नागपूरकरांच्या गाड्यांचे लहान ताफे थरच्या वाळवंटात घेऊन जात आलो आहे. तुम्ही लिहिले आहे की अंतर वाचवण्यासाठी नाही, तर धोरे जवळून आणि शांतपणे पाहता यावेत म्हणून ही वाट घ्यावीशी वाटते. ही ओढ मला परकी नाही. मीही पहिल्यांदा डांबर सोडले ते याच ओढीने. म्हणून नुसते ‘जाऊ नका’ म्हणून थांबत नाही, तिथे नेमके काय घडते ते सांगतो.

आपल्याला रेती माहीत असते ती कन्हान नदीच्या पात्रातली. तिचे दाणे जाड आणि कोनदार असतात, ते एकमेकांत अडकतात, आणि म्हणूनच भरलेला ट्रॅक्टरही पात्रातून कण्हतकुथत का होईना बाहेर येतो. वाळवंटातले दाणे वाऱ्याने वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून गोल आणि बारीक झालेले असतात. मूठभर रेती उचलली तर ती बोटांच्या फटींतून पाण्यासारखी गळून जाते, आणि बांधकामासाठी तिला कोणी हात लावत नाही तेही याच कारणाने. या रेतीवर गाडी चालत नाही, ती तरंगत राहिली तरच पुढे सरकते. वेग तुटला, चाक जागेवर फिरले, की ती खाली जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट धोऱ्याच्या घडणीत आहे, आणि नकाशात ती दिसत नाही. थरमध्ये रेती वाहून नेणारे वारे मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतात. त्यामुळे धोऱ्याची नैर्ऋत्येकडची बाजू लांबट, मंद चढाची आणि वाऱ्याने दाबलेली असते, तर पलीकडची, ईशान्येकडची बाजू उभी असते. तिथला उतार ३० अंशांच्याही पुढे जातो आणि तिथली रेती नुसती ओतून ठेवल्यासारखी सैल असते. म्हणजे पश्चिमेकडून येणारी गाडी धोरा सहज चढते आणि पलीकडे घसरत का होईना उतरते. तीच गाडी त्या सैल बाजूने परत वर चढू शकत नाही. तुमची रेघ नेमकी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. तिच्यावरचा प्रत्येक ओलांडलेला धोरा हे पाठीमागे बंद झालेले एकेक दार आहे, आणि चौथ्या-पाचव्या धोऱ्यापाशी अडल्यावर ‘चला, परत जाऊ’ हा पर्याय शिल्लक राहिलेला नसतो. लोक मला विचारतात की किती किलोमीटर आत जाणे सुरक्षित आहे. मी किलोमीटर मोजत नाही. ज्या ठिकाणाहून गाडी वळवून स्वतःच्याच मागांवरून बाहेर येता येईल, तेवढेच आत जायचे, मग ते ३०० मीटर का असेनात.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. जानेवारी २००८ मध्ये आमच्या ताफ्यातल्या दोन गाड्या जैसलमेरला थांबल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहून ठेवावी म्हणून मी एकटाच जीप घेऊन निघालो. जीप चारही चाकांना जोर देणारी होती, रेतीत चालवायचा सराव होता, वेळ दुपारी साडेतीनची होती. पहिले सहा किलोमीटर जमीन मुरमासारखी कडक लागली, आणि त्या सहा किलोमीटरनीच माझा घात केला, कारण पुढे जमीन बदलेल हा विचारच डोक्यातून गेला. एक बुटका धोरा चढलो आणि पलीकडे उतरलो. समोरचा धोरा उंच होता, तो चढवेना, म्हणून वळलो, तर ज्या उतारावरून क्षणात खाली आलो होतो त्याच्या निम्म्यावरही गाडी जाईना. चौथ्या खेपेस ती तिरपी झाली, मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, चाके जागेवर फिरली आणि अर्ध्या मिनिटात जीप पोटावर बसली. टायरमधली हवा मी कमी केली नव्हती, कारण हवा भरायचा पंप दुसऱ्या गाडीत होता. फावडेही दुसऱ्याच गाडीत होते. जेवणाच्या डब्याच्या झाकणाने अंधार पडेपर्यंत रेती उपसली. एक झाकण बाहेर टाकले की दोन झाकणे आत घसरत. जवळच्या दोन लिटर पाण्यातले दीड लिटर त्या दोन-अडीच तासांत संपले. दिवसा शर्ट घामाने भिजला होता, आणि रात्री त्याच ओल्या शर्टात मी गाडीत कुडकुडत बसलो, कारण थरमधली जानेवारीतली रात्र आपल्या नागपूरच्या थंडीपेक्षा बरीच कडक असते.

सकाळी सातच्या सुमारास एक म्हातारे रेबारी, म्हणजे उंट पाळणाऱ्या समाजातले गृहस्थ, दोन उंट घेऊन आले. आदल्या संध्याकाळी त्यांना कडक जमिनीच्या शेवटी चाकांचे माग दिसले होते, एकाच गाडीचे, आणि फक्त जाणारे. परतीचे माग नव्हते, म्हणून ते उजाडण्याआधीच निघाले होते. त्यांनी आधी मला पाणी पाजले. मग चाकाशी उकिडवे बसून, एका काटकीने वॉल्वमधली पिन दाबून ते टायरमधली हवा सोडू लागले. फुस्स आवाज बराच वेळ चालला. टायरची बाजू हळूहळू फुगली आणि चाकाखालचा ठसा लांब होत गेला. ते बोटाने टायर दाबून पाहत आणि पुन्हा काटकी लावत. चारही चाकांना असे केल्यावर त्यांनी खींप नावाच्या झुडपाच्या जुड्या चाकांपुढे अंथरल्या, आणि धोरा चढवायच्या फंदात न पडता, दोन धोऱ्यांमधल्या सखल पट्ट्यातून, जिथे धोऱ्याचे शेपूट जमिनीला मिळते तिकडून मला बाहेर काढले. मदत म्हणून पैसे द्यायला गेलो तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. त्या दिवसापासून एकच गाडी घेऊन मी मऊ रेतीत शिरलेलो नाही, आणि माझ्याबरोबर येणाऱ्या कोणालाही शिरू दिलेले नाही.

तुम्ही म्हणता की नकाशात रेघ आहे म्हणजे कोणीतरी जात असेलच. जात असेल, पण उंट जात असतील, किंवा तीन वर्षांपूर्वी एखादा ट्रॅक्टर गेला असेल. उपग्रहाच्या छायाचित्रात दोन चाकोऱ्या दिसल्या की नकाशात रस्ता उमटतो. मधल्या काळात धोरा त्यावर सरकला आहे की नाही हे त्या रेघेला ठाऊक नसते. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण अ‍ॅपलच्या नकाशात मिल्ड्युरा हे शहर खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका ओसाड राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागी दाखवले जात होते. नकाशावर विसंबून गेलेले काही प्रवासी तिथे २४ तासांपर्यंत अन्नपाण्याशिवाय अडकले.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे, पण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. जुलै १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत चार जर्मन पर्यटक, दोन प्रौढ आणि दोन मुले, भाड्याच्या साध्या गाडीने मुख्य रस्ता सोडून एका डोंगरी आडवाटेला लागले. ऑक्टोबरमध्ये ती गाडी एका कोरड्या दरीत, जिथे रस्ताच नव्हता अशा ठिकाणी, टायर बसलेल्या अवस्थेत सापडली. माणसांचा मात्र पत्ता नव्हता. २००९ मध्ये, म्हणजे १३ वर्षांनी, गाडीपासून अनेक किलोमीटर दूर प्रौढांच्या अस्थी मिळाल्या. शोध घेणाऱ्यांचा तर्क असा होता की नकाशात दक्षिणेला लष्करी क्षेत्राची हद्द दिसत होती, आणि तिथे पहारेकरी भेटतील या आशेने ते चालत निघाले असावेत. तुमच्या पत्रातही ‘सीमेजवळ जवान असतातच’ असे वाक्य आहे. ते वाचून मला हीच घटना आठवली. सीमेवर जवान असतात हे खरे आहे, पण ते सीमेकडे पाहत असतात. तुमची गाडी कोणत्या दोन धोऱ्यांमध्ये बसली आहे हे त्यांना कसे कळावे?

आता दुसरा प्रश्न, तयारीचा. ही तयारी डांबरी रस्त्याने जातानाही करा, कारण वादळानंतर पक्क्या रस्त्यावरही रेतीचे पट्टे सरकून येतात आणि फोटोसाठी गाडी कडेला घेतानाच पुष्कळ जण फसतात. सगळ्यात मोठी गोष्ट हवा. तुमच्या गाडीत ३३ पाउंड हवा असते. मऊ रेतीत ती १८ पर्यंत उतरवावी, फसलेली गाडी काढताना १५ पर्यंत. त्याखाली गेल्यास टायर रिममधून निसटण्याची भीती असते. हवा कमी केल्यावर टायर रुंद होतो असे लोक समजतात. प्रत्यक्षात जमिनीला टेकणारा भाग लांबीने वाढतो आणि गाडीचे वजन जास्त जागेवर पसरते. त्यानंतर वेग ३०-४०च्या आत ठेवावा, स्टीअरिंग झटक्याने फिरवू नये, आणि थांबताना ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यावी, म्हणजे चाकांपुढे रेतीचा ढिगारा जमत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलचे, म्हणजे चाकांना जागेवर फिरू न देणाऱ्या यंत्रणेचे, बटण बंद करावे, नाहीतर ऐन गरजेच्या वेळी ते इंजिनचा जोर तोडते. डांबरावर परतताच हवा पुन्हा भरणे आवश्यक आहे. कमी हवेवर वेगाने पळवलेला टायर तापून फुटतो. म्हणून बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि हवा मोजायचे मीटर तुमच्याच गाडीत हवे. त्यासोबत लांब दांड्याचे फावडे, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी घ्या. फळी नसेल तर जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच रेतीत शिरतो. चाके जागेवर फिरू लागली की त्याच क्षणी पाय काढा. फसल्याचा पहिला अर्धा मिनिटच गाडी वाचवण्याचा असतो, आणि बहुतेक जण तो अर्धा मिनिट गाडी आणखी खोल घालण्यात घालवतात.

पाण्याचा हिशेब वेगळा ठेवावा: दिवसाला दहा लिटर, आणि दोन दिवसांचे, म्हणजे वीस लिटर, तेही एकाच कॅनमध्ये न ठेवता दोन-तीन कॅनमध्ये. सोबत ओआरएसची पाकिटे हवीत, कारण घामातून मीठही जाते. आपण नागपूरकर उन्हाला सरावलेले आहोत, हे तुमचे म्हणणे मी समजू शकतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, ४६-४७ अंशांत आपण कामावर जातोच. पण आपण दुपट्टा बांधून निघतो आणि पंधरा मिनिटांत कोणत्या तरी छपराखाली, कूलरसमोर किंवा पन्ह्याच्या ग्लासापाशी पोहोचतो. आपला अनुभव उन्हातून सावलीत जाण्याचा आहे, सावली नसलेल्या उन्हाचा नाही. मार्चचा पहिला आठवडा त्या मानाने सौम्य असतो एवढे बरे. जोधपूर-जैसलमेर वाटेच्या उत्तरेला असलेल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती. मे-जूनमध्ये हा प्रश्न विचारला असता तर मी सहलीलाच विरोध केला असता.

एक इशारा मुद्दाम देतो. परदेशी प्रवाशांचे सल्ले वाचून अनेक जण उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र मागवतात. भारतात ते परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे, आणि सीमेलगतच्या जिल्ह्यात ते सापडले तर तुमची सहल चौकशीतच संपेल. ड्रोनही घरी ठेवा. डांबर सोडण्याआधी ती जमीन कोणाची आहे हेही पाहावे लागते. पोखरण परिसरात लष्कराचे गोळीबाराचे सराव क्षेत्र आहे, तिथे न फुटलेले गोळे पडलेले असू शकतात. जैसलमेरच्या पश्चिमेकडच्या सम गावाच्या बाजूचा मोठा भाग ३,१६२ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय मरू उद्यानात येतो आणि ते माळढोकाचे उरल्यासुरल्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. तिथे वाट सोडून गाडी घालणे बेकायदा तर आहेच, जमिनीवर अंडे घालणाऱ्या त्या पक्ष्यावर अन्यायही आहे. आणि सेवण गवताच्या पट्ट्यात गाडी कधीही उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरला वाळलेले गवत लागून गाडीखालून पेट घेते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: पायी निघूच नका. किती तासांनी, हा प्रश्नच मनातून काढून टाका. गाडी शोधणाऱ्याला दुरून दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. गाडीपाशी सावली, पाणी, आरसा आणि दिवे असतात. अपवाद एकच: पक्का रस्ता किंवा ढाणी (वाळवंटातली लहान वस्ती) डोळ्यांना दिसत असेल, ऊन उतरलेले असेल आणि तुमचे माग तिथवर सरळ जात असतील तर. नकाशात ‘दोनच किलोमीटर’ दाखवते हा अपवाद नाही. दिवसा गाडीच्या आत बसू नका, ती भट्टी होते. गाडीच्या सावलीत वरची तापलेली रेती वीतभर बाजूला सारून त्यावर मॅट टाकून बसा. उपसण्याचे काम पहाटे करा, कारण तेव्हा रेती गार आणि जराशी घट्ट असते. तहान लागेल तसे पाणी प्या, उद्यासाठी म्हणून तहान मारू नका. घाम गाळणारे काम टाळले की पाणी आपोआप पुरते. फोन विमान मोडवर ठेवा आणि तासातून एकदाच सुरू करून पाहा, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. बॉनेट उघडे ठेवा. रात्री आतला दिवा अधूनमधून लावा, आणि जवान आलेच तर हात दिसतील असे उभे राहून ओळखपत्र दाखवा, लपू किंवा पळू नका.

धोरे जवळून पाहायचे असतील तर जैसलमेरजवळच्या खुरी गावात मुक्काम करा. तिथल्या ढाणीत गाडी लावून, स्थानिक माणसाला सोबत घेऊन पहाटे चालत निघा. जी शांतता तुम्हाला हवी आहे ती इंजिन बंद असतानाच मिळते. जैसलमेरजवळचे आकलचे जीवाश्म उद्यानही बघा. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे दगड झालेले वृक्ष तिथे उघड्यावर पडलेले आहेत. आणि बाडमेर जिल्ह्यातल्या मुनाबावपासून तनोटपर्यंत सीमेच्या बाजूने जाणारा जो नवा पक्का महामार्ग झाला आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना इतके धोरे आहेत की डांबर न सोडताही दिवस अपुरा पडेल.

शेवटी, तुम्ही लिहिले आहे की आईंना काळजी वाटते म्हणून त्यांना मार्गाचे फारसे सांगितलेले नाही. ते सांगा. त्यांच्याकडे एक कागद ठेवा: गाडीचा क्रमांक, रंग, रोजचा मार्ग, मुक्कामाचे ठिकाण आणि रोज रात्री फोन करण्याची एक ठरलेली वेळ. नागपुरातून ११२ लावला तर तो महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात लागतो, त्यामुळे जैसलमेरच्या पोलीस नियंत्रण कक्षाचा थेट क्रमांक निघण्याआधी मिळवून त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. तुम्ही ठरलेला मार्ग बदललात तर रेंज असतानाच, डांबरावर उभे राहून, आधी त्यांना फोन करा आणि मगच गाडी वळवा.